कोटिंग किचनमधली आण

“ताडीवाल्या, सँपलचा पाइप धुतला का?”

नविनभाईंनी वरच्या लोखंडी जाळीवरून विचारलं. खाली काळू फरशीवरचं पाणी ओढत होता. त्याने मान वर केली नाही.

“धुतला, साहेब.”

“बराबर धुतला ना? उद्या वापीची पार्टी येणार. भाविनी मॅडम खुद उभ्या राहणार. जरा पण घाण नको.”

“गरम पाण्यानं धुतला.”

“मग स्क्रीनवर टिक कर आणि जा.”

काळू जिना चढून वर गेला. नव्या स्क्रीनवर टाक्या, पाइप आणि पंप यांचं रंगीत चित्र होतं. सँपलच्या पाइपावर बोट ठेवलं की हो किंवा नाही असं विचारायचं. त्याची बोटं भाजल्यापासून आखडली होती आणि स्क्रीनला ती पटकन कळत नसत. त्याने दोन-तीनदा दाबलं. पाइप हिरवा झाला.

पाइप धुतलेला नव्हता. आठवड्यापूर्वी नव्या यंत्रांच्या जोडणीसाठी किचन बंद झालं, तेव्हापासून त्यात जुना शिजवलेला स्टार्च होता आणि दोन्ही बाजूंचे कॉक काळूने स्वतःच्या हाताने घट्ट बंद केले होते. बाहेर आश्विनातलं ऊन होतं. वरचा पत्रा दिवसभर तापत होता.

मिल पुठ्ठ्याची होती. रद्दीपासून करडा पुठ्ठा बनायचा आणि औषधाच्या खोक्यांवर छापता यावं म्हणून त्याच्या एका बाजूला पांढरा लेप बसायचा. तो लेप तयार करायची जागा म्हणजे कोटिंग किचन. चिनी मातीची पोती फोडून टाकीत ओतायची, चुन्यासारखी दुसरी पूड टाकायची, कपड्यांना घालतात तशी मक्याच्या स्टार्चची खळ शिजवून मिसळायची, मग गोंदासारखं दुधाळ लॅटेक्स. हे सगळं काळू आणि त्याच्यासारखे आणखी काही जण हातांनी करत आले होते. संध्याकाळी आपल्या झरी गावच्या फाट्यावर ते उतरले की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत. आता मातीची पातळ राबडी टँकरने येणार होती, टाक्या आपापलं वजन आपणच करणार होत्या आणि स्टार्च बंद नळीत वाफेवर शिजणार होता. झाकण उघडायचं काम उरलं नव्हतं.

काळूला ती बंद नळी आवडली होती. ती आधी आली असती तर, असं त्याच्या मनात येई. मग तो विचार पुढे नविनभाईंपर्यंत जाई आणि तिथेच थांबे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीनवर लेप संपत आला होता आणि स्टार्च अजून शिजत होता. नविनभाई तेव्हा शिफ्टचे सुपरवायझर होते. ते खालून ओरडले, “झाकण उघड आणि बांबूनं गुठळ्या फोड. मशीन थांबली तर माझी नोकरी जाईल!” काळू म्हणाला, वाफ बंद करू द्या. ते म्हणाले, टाइम नाही. झाकण उघडलं तशी उकळती खळ वर आली. खळ पाण्यासारखी घरंगळून जात नाही. ती चिकटते आणि चिकटून भाजत राहते. दोन्ही हात आणि मानेची एक बाजू भाजून निघाली.

ते सुद्धा काळूने सोसलं असतं. कामात माणूस भाजतो. पण दवाखान्यातून आल्यावर ऑफिसात चौकशी झाली, तेव्हा नविनभाई म्हणाले, “हा पिऊन आला होता, शेठ. कपड्याला ताडीचा वास मारत होता. मी स्वतः उचलला ना याला.”

वास होता. त्या सकाळी काळूने तळाशी साचलेला जुना स्टार्च उपसला होता आणि त्याचा शर्ट त्यात भिजला होता. आंबलेल्या स्टार्चला शिळ्या ताडीसारखाच वास येतो. किचनमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. नविनभाईंना तर नक्कीच होतं. पण शेठना ठाऊक नव्हतं, आणि झरीचा माणूस ताडी पिऊन आला हे ऐकून त्यांना काही नवलही वाटलं नाही. “तेव्हा माझं तोंड कोणी तरी हुंगायचं होतं,” एवढंच काळू म्हणाला. मग त्याने वाघदेवाची आण घ्यायची तयारी दाखवली. नविनभाई हसले. “वाघ पण पीत असेल यांचा,” ते म्हणाले. सगळे हसले.

काळूने ताडी सोडली होती. त्याचा बाप ताडीपायी ओहोळात पडून गेला, त्या वर्षी त्याने वाघदेवापुढे आण घेतली होती. झरीच्या टेकाडावर वाघदेवाचा उभा दगड आहे. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला त्याला पहिला शेंदूर लावायचा मान काळूच्या घरचा. आण मोडलेल्या हाताने शेंदूर लावत नाहीत. मिलमधली गोष्ट मिलमध्ये राहिली नाही. सॉर्टिंगला झरीच्या बाया होत्या, लोडिंगला झरीचे पोरगे. त्या वर्षीच्या वाघबारशीला काळू हातांना पट्ट्या बांधून टेकाडावर गेला, तर शेंदराची वाटी त्याचा चुलतभाऊ लहान्याच्या हातात होती.  लहान्याने खाली बघितलं आणि शेंदूर लावला.

तेव्हापासून मिलमध्ये तो ताडीवाला आणि गावात आण मोडलेला. नविनभाई मात्र वर चढत गेले. नवं किचन बसवायचा प्रस्ताव त्यांनीच मांडला आणि प्रत्येक बैठकीत ते एकच वाक्य म्हणत. काळू चहाचे कप उचलायला आत गेलेला असताना त्याने ते कितीदा तरी ऐकलं होतं. “माणूस पिऊन येतो, मॅडम. मशीन पिऊन येत नाही.”

आधी काळूने दुसरंच ठरवलं होतं. नव्या नळीतला स्टार्च उकळता असणार आणि नविनभाई सँपल घेताना जवळ वाकतात. एक आटा सैल ठेवला की झालं. हा विचार त्याने बरेच दिवस मनात वागवला, कूस बदलून बदलून पाहिला. तो सोडला तो दयेने नाही. नविनभाई भाजले असते तर लोकांनी त्यांना फळं नेऊन दिली असती. काळूला त्यांचं कातडं नको होतं. ‘तो वास ताडीचा नव्हता’ हे त्यांच्याच तोंडून, माणसांसमोर, लहान्याच्या देखत हवं होतं. आणि ते सुखासुखी म्हणणारे नव्हते. त्यांना म्हणावं लागेल अशी वेळ आणायची होती.

संध्याकाळी घरी त्याने वेणूला एवढंच सांगितलं, “उद्या साहेबाला वास लावतो.”

वेणू तवा चुलीवर ठेवत होती. तिने वळून बघितलं. “कसला वास?”

“माझावाला.”

“काय मिळंल त्यानं?”

“तो बोलंल ना मग. ताडी नाय, स्टार्च हाय, असा बोंबलंल.”

वेणूने नागलीची भाकर तव्यावर टाकली. मग म्हणाली, “मना ठावं हाय तू नाय प्याला. माझं बोलणं पुरं नाय होत?”

काळूला ते पुरत नव्हतं. हे तिला तोंडावर सांगणं त्याला जमलं नाही, पण तिला ते कळलं असावं, कारण तिने भाकर जरा जास्तच जोरात उलटली.

नविनभाईंची एक सवय होती. चारचौघांसमोर काही करायचं असलं की ते आधी एकट्याने करून बघत. काळूचा सगळा भरवसा त्या सवयीवर होता. सकाळी पाहुणे यायच्या आधी ते जाळीवर एकटे गेले, नव्या पांढऱ्या शर्टात, आणि सँपलचा कॉक फिरवला. आठवडाभर बंद पाइपात फसफसलेली खळ फट्कन बाहेर आली. छाती, बाही, गळा. काळू खाली झाडू घेऊन उभा होता. त्याने शिवी ऐकली. पांढऱ्या शर्टावर पांढरा डाग दिसत नाही. नविनभाईंनी बाथरूममध्ये जाऊन शर्ट पाण्याने चोळला. आंबलेली खळ ओली केली की वास आणखी वर येतो. घर उंबरगावला. दुसरा शर्ट आणायला वेळ नव्हता, फाटकावर गाड्या आलेल्या होत्या.

पूजा झाली. स्क्रीनला हळदकुंकू लावलं. कामगार प्रसादासाठी जिन्याच्या खाली उभे होते. लोडिंगचे पोरगे, त्यांत लहान्या, सॉर्टिंगच्या बाया, त्यांत जिजाबाय. जिजाबाय झरीची आणि तोंडाने फाटकी. पाहुण्यांना घेऊन भाविनी मॅडम कंट्रोलच्या काचेच्या खोलीत गेल्या. शेठची ही मुलगी दोन वर्षांपासून मिल बघत होती. आल्या आल्या तिने पहिला नियम केला होता तो दारूचा. पिऊन सापडला की त्याच दिवशी बाहेर.

काचेतून नविनभाई हात उंचावून बोलताना दिसत होते. एसी खोली, दार बंद. पाहुण्यांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला. दुसरा घड्याळ बघू लागला. “माणूस पिऊन येतो,” हे वाक्य आत झालं असणार, कारण एक पाहुणा एकदम हसला आणि नविनभाईंचा चेहरा उतरला. मग दार उघडून सगळे बाहेर जाळीवर आले.

“नविनभाई, हा स्मेल कसला आहे?” मॅडमनी विचारलं. आवाज हळू होता, पण पंप बंद असल्यामुळे खाली ऐकू आला.

“कुठे, मॅडम?”

“तुमच्या अंगाला.”

खाली जिजाबाय शेजारणीला म्हणाली, “आय गं, साहेबानं सकाळी सकाळी मडकाच उलटा केला.” बाया पदरात हसल्या. ते वर पोहोचलं.

“ताडी?” मॅडम म्हणाल्या.

“अरे नाही नाही! स्टार्च उडला मॅडम, सँपलच्या पाइपातला. आंबलेला होता. ह्याने धुतलाच नाही.” नविनभाईंनी खाली बोट दाखवलं. “ए काळू! वर ये.”

काळू वर गेला. झाडू त्याने जिन्याला टेकून ठेवला. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या आणि त्याच्यापासून एक पाऊल मागेही सरल्या. सवयीनेच असेल.

“पाइप धुतला होता?”

“धुतला होता, मॅडम.”

“खोटं बोलतो साला!”

मॅडमनी काचेतून आतल्या स्क्रीनकडे बघितलं. “सिस्टीम तर क्लीन दाखवतेय, नविनभाई.”

“सिस्टीमला काय समजते! ह्याने टिक केलं ते दाखवते ती.”

हे नविनभाई बोलून गेले आणि पाहुण्यांपैकी एकाने भुवई उंचावली. पाइप उघडून बघा, असं नविनभाई म्हणाले, पण पूजेनंतर लगेच नवा माल त्यातून एकदा सोडून झाला होता. आता त्यात काही सापडणार नव्हतं.

“माझं तोंड हुंगा ना, मॅडम,” ते म्हणाले. कोणी पुढे झालं नाही.

“शिजवलेला स्टार्च मी लॅबमध्ये रोज बघते,” मॅडम म्हणाल्या. “त्याला पिठासारखा वास येतो. हा तसा नाही.” मग काळूकडे वळून, “तू सांग. हा कसला वास आहे?”

काळूने याची वाट चार वर्षं पाहिली होती. त्याने वास नीट घेतला, जणू ठरवायला वेळ लागत होता.

“ताडी हाय, मॅडम.”

“हरामखोर!” नविनभाई ओरडले. “मॅडम, ह्याचं काय ऐकता? घे तुझ्या वाघाची आण. घे! चार वर्षांपूर्वी घेत होतास ना? आता सगळ्यांसमोर आण घेऊन बोल.”

हे काळूने हिशेबात धरलेलं नव्हतं.

त्याने खाली बघितलं. लहान्या मान वर करून त्याच्याकडेच बघत होता. जिजाबाय हसायची थांबली होती. इथे गप्प राहिलं तर झालं. ताडीवाला घाबरला, आणखी एक खोटं पकडलं गेलं, नविनभाई शर्ट बदलून येतील आणि जेवायला बसतील. काळूच्या मानेवरची भाजलेली कातडी ताणल्यासारखी झाली. त्याला वाघदेव आठवला नाही. त्याला ते हसणं आठवलं.

“वाघदेवाची आण,” तो म्हणाला. “ही ताडी हाय.”

खाली कोणी तरी श्वास आत ओढला. मॅडमनी नविनभाईंकडे बघितलं ते आता ठरवून. “तुम्ही घरी जा,” त्या म्हणाल्या. “नंतर बोलू.”

“मॅडम, ऐका! आंबलेल्या स्टार्चला असाच वास येतो. सेम टु सेम! कोणाला पण विचारा. किचनमध्ये सगळ्यांना येतो. त्या दिवशी ह्याच्या पण शर्टाला हाच...”

ते थांबले. तोंड उघडंच राहिलं.

किचनमध्ये नव्या टाकीतलं ढवळण्याचं पातं तेवढं फिरत होतं. मग जिजाबाय खालून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, “मग तवा ती ताडी कशी झाली, साहेब?”

नविनभाई शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न करत उभे राहिले. ते आधीच लावलेलं होतं. काळू त्यांच्याकडे बघत राहिला. असं डोळे भरून त्याने त्यांना कधी बघितलं नव्हतं. कानाजवळून घाम उतरताना, ओठ कोरडे होताना, पाहुण्यांची नजर चुकवताना. ते सगळं त्याने पुरेपूर घेतलं. गोड होतं. खोटं कशाला सांगायचं, गोडच होतं.

दुपारी मॅडमनी त्याला ऑफिसात बोलावलं.

“पाइप धुतला होतास की नाही?”

“नाय.”

“मुद्दाम?”

“होय, मॅडम.” आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं.

 नविनभाईंना मॅडमनी वापीच्या गोडाउनला पाठवलं होतं. काळूला त्या म्हणाल्या, “तेव्हाची चौकशी चूक होती. ते मी वडिलांना सांगीन. पण तुला मी किचनमध्ये ठेवू शकत नाही.” काळूने मान हलवली. किचन आता आपलं आपणच धुणार होतं. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तो निघाला. फाटकापाशी लोडिंगच्या पोरांनी त्याला ‘काळूकाका’ म्हणून हाक मारली.

तो फाट्यावर उतरायच्या आधी गोष्ट गावात पोहोचली होती. वेणूने दारात सडा घातला होता. संध्याकाळी लहान्या आला. आत न येता अंगणातच उभा राहिला.

“दादा, परवा वाघबारस. शेंदूर तू लावायचा. म्हाताऱ्यांनी सांगलाय.”

वेणूने तोंडाला पदर लावला. काळू बाजेवर बसला होता.

“तूच लाव.”

“राग धरू नको, दादा. चूक झाली गावाची. साहेब सगळ्यांसमोर बोलला, मी माझ्या कानांनी ऐकला.”

“आणि मी काय बोललो तेही ऐकलास ना?”

लहान्या हसला. “ते सगळ्यांना ठावं हाय रे, स्टार्च होता ते. साहेबाला अडकवायला बोललास. त्यात काय? देवाला समजतं.”

“मी देवाचं नाव घेऊन बोललो.”

“माफी माग ना मग. नारळ ठेव.”

काळूने हात उलटसुलट करून बघितले. माफी मागायची तर चुकलं असं वाटायला हवं. त्याने दुपारपासून तसं वाटतंय का ते मनात शोधून बघितलं होतं. नविनभाईंचं उघडं तोंड आठवलं की आतून अजून तसंच गोड वाटत होतं. उद्या कोणी त्याला पुन्हा त्या जाळीवर उभं केलं असतं, तर त्याने पुन्हा तीच आण घेतली असती. वाघदेवापुढे उभं राहून हे सांगता येणार नव्हतं आणि दुसरं काही सांगणं म्हणजे परत खोटं.

“तूच लाव,” तो म्हणाला. “तेव्हा मोडली नव्हती. आता मोडलीय.”

“चार वर्षं यासाठीच रडलास ना?” लहान्या गेल्यावर वेणू म्हणाली. रागाने तिचा आवाज चिरकला होता. “गाव तुझ्या पायाशी आला तर तू...”

“यासाठीच,” काळू म्हणाला.  तिने त्या रात्री त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्यासोबत बसली नाही.

वाघबारशीला सगळं गाव टेकाडावर चढलं. काळू त्या दिवशी सगळ्यांची गुरं घेऊन खालच्या माळावर राहिला. कोणी तरी राहावं लागतंच. वरून तारपा वाजवल्याचा आवाज येत होता. दुपार कलताना माणसं उतरू लागली, कपाळाला शेंदूर लावून. खाली येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबला. म्हाताऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. बायांनी वेणूची खुशाली विचारली, जणू ती त्यांच्यासोबत वर नव्हती. जिजाबायने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, “खा रे वाघा.” तो हसला. कोणीही त्याला कमी लेखत नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

उन्हं उतरल्यावर त्याने गुरं वळवली. गावात जायची जवळची वाट टेकाडाच्या कडेने, त्या दगडासमोरून जात होती. गुरांना ती सवयीची होती आणि पुढची गाय आपणच तिकडे वळली. काळूने पुढे होऊन तिला काठीने हलकेच अडवलं आणि कळपाला खालच्या ओहोळातून, लांबच्या वाटेने नेलं.